मशिदीत अनवाणी

मुलगी दाखवायची म्हणजे पाहुणे घरी बोलवायचे, पोहे करायचे, पाट मांडायचा. मला दाखवायला मात्र सोलापुराहून थेट विजापूरच्या मशिदीत नेलं. ही अक्कल माझ्या मामाची.

कारण होतं माझा डावा पाय. लहानपणी मोठा ताप आला, त्यात तो बोटभर आखूड राहिला. पाहायला येणारे आधी नाव विचारत, सुई ओवायला लावत, मग म्हणत, "जरा चालून दाखव." घरात सगळेच अनवाणी. मी दारापर्यंत पोचायच्या आत पाहुण्यांचे चेहरे बदलत आणि जाताना ते "कळवतो" म्हणत. असं दोनदा झालं. मग मामानं माझ्यासाठी चपलांचा एक जोड शिवून आणला. डाव्या चपलेला जादा तळ होता. ती घालून चाललं की लुगड्याच्या घोळाखाली काही कळत नसे. मला हे मुळीच पटलं नव्हतं, पण मला विचारतंय कोण?

त्या काळी शहरातले एक निवृत्त मास्तर दर थंडीत विजापूरची सहल काढत. पहाटेच्या गाडीनं जायचं, रात्री परत यायचं, माहिती ते स्वतः सांगणार. मामानं आईवडिलांचं आणि माझं नाव घातलं आणि मुलाच्या आत्याबाईंनाही त्याच सहलीत ओवलं. मुलगा मोडनिंबचा. त्याच्या घरात शब्द चालायचा तो या आत्याबाईंचा.

"दिवसभर चालताना बघतील की पोरीला. आनखी काय पायजे?" मामा म्हणाला. स्वतः मात्र घरीच राहिला.

होटगीला गाडी बदलताना आत्याबाई माझ्या मागून चालत होत्या आणि मी जीव मुठीत धरून पावलं टाकत होते. गाडीत भाकरी आणि शेंगाची चटणी मीच सगळ्यांना वाढली. आत्याबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतली. "हाताला चव हाय की गं," म्हणाल्या. आई डोळ्यांनीच हसली.

दुपारच्या नमाजाआधी मशीद बघून घ्यावी म्हणून मास्तरांनी आम्हांला स्टेशनावरून आधी तिकडंच नेलं. दारातल्या पायऱ्यांशी म्हातारा रखवालदार उभा होता. त्यानं हात केला, "चप्पलां हियाँच उतारो, अम्मा."

मशिदीत चपला काढतात हे सोलापुरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आमच्या घरात मात्र ते एकालाही सुचलं नव्हतं. लोक भराभर जोडे काढून आत जाऊ लागले. आत्याबाईंनी चपला काढल्या आणि माझी वाट बघत उभ्या राहिल्या. वडिलांनी मान खाली घातली. आई तेवढी पुढं झाली.

"तुमी व्हा आत, आत्याबाई. ती हितंच बसंल. तिला आज अडचण हाय."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "अगं बाई! मग सकाळी भाकरी हिनंच वाढली की! तितंच सांगायचं न्हाय व्हय?"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मला भीती वाटत होती, पण त्याहून संताप जास्त आला. लंगडी म्हणाले असते तर ऐकून घेतलं असतं. सोवळंओवळं न पाळता लोकांना जेवू घालणारी मी नव्हते.

"मला अडचण न्हाय," मी म्हणाले. "माझा पाय आखूड हाय." आणि चपला काढून पायऱ्या चढले.

आत केवढं मोठं अंगण! त्यापलीकडं कमानीच कमानी, आणि खाली फरशीवर काळ्या रेघांच्या चौकटी आखलेल्या. एकेक चौकट नमाजाला बसणाऱ्या एकेका माणसाची, असं मास्तर सांगत होते. रखवालदारानं पडदा सारून सोनेरी नक्षीची भिंत दाखवली, तीही मी पाहिली असणार. पण माझा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. मागून कोण येतंय? थांबलं का? कुजबुजतंय का?

आत्याबाई माझ्या बरोबरीला आल्या. खाली माझ्या पायाकडं बघितलं, लपवून नाही, चांगलं थांबून.

"दुकतं का?"

"न्हाय."

"मग चल." आणि सगळी मशीद त्या माझ्या चालीनं चालल्या.

मला आशा वाटली. खोटं का बोलू, चांगलीच वाटली. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात मोडनिंबला नांदूनही आले. पण सोलापूरला उतरताना आत्याबाई आईला म्हणाल्या, "कळवते." आठवड्यानं निरोप आला, योग नाही म्हणून.

मी दोन दिवस रडले. मुलगा तर मी पाहिलाही नव्हता, त्याच्यासाठी कशाला रडू? खरं बोलूनही नकारच आला, याचं दुःख होतं.

मामा येऊन चिडला. "जरा गप बसली असती तर काय बिगडलं असतं? जाऊ दे. फुडच्या खेपंला तळ्याकाठी फिरवू. तितं चपला काढायची भानगड न्हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली. वडील सुपारी कातरत बसले होते. या कामात त्यांनी आजवर मामाच्या शब्दाबाहेर शब्द काढला नव्हता. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"न्हाय," ते म्हणाले. "फुडचे पाव्हणे घरी येतील. आल्याआल्या पायाचं मी सांगीन. ते ऐकूनबी जे बसतील, त्यांच्यासाठी पाट मांडा."