डाव्या मनोऱ्याचा पाय

मैदानांवर मंच उभारणाऱ्या टोळीत त्याला सगळे काटकोन म्हणत. वाकडं उभं राहिलेलं काही त्याला बघवत नसे, मग तो खांब असो की भिंतीवरचं कॅलेंडर. छत्तीस वर्षं त्याने हे काम केलं. गाणारे येतात, अडीच तास गातात, आणि ऐकणारे ते जन्मभर सांगतात. त्याआधी चार दिवस आणि नंतर दोन दिवस त्याच गवतावर लोखंड वाहणारी माणसं राबतात. त्यांचं कुणी सांगत नाही. काटकोनची त्याबद्दल तक्रार नव्हती. आयुष्यात किती टन उचललंस, असं कुणी विचारलं की तो म्हणे, "उचललं तेवढं सगळं परत खाली ठेवलंय. शिल्लक काही नाही."

या कामावर त्याला आणलं ताईच्या नवऱ्याने. भाऊजी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठे आणि टोळीत जुने. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला दोन वस्तू दिल्या, हातमोजे आणि एक कॅसेट. "हातमोजे फाटतील, नवे मिळतील," ते म्हणाले. "ही जप."

कॅसेट एका चौघांच्या रॉक बँडची होती. बँड तेव्हाच जुना झालेला, दोघांचे केस पिकायला लागलेले. भाऊजींना त्यांची सगळी गाणी पाठ होती. ड्रमवाला कुठे किंचित मागे पडतो आणि तेच कसं गोड लागतं, हे ते ट्रक चालवताना स्टिअरिंगवर बोटं आपटून दाखवत. काटकोनला सुरुवातीला तो नुसता गोंगाट वाटला. मग एका लांबच्या प्रवासात, अर्धवट झोपेत, ते गाणं अंगात शिरलं ते शिरलंच. ताई म्हणायची, "एक वेडा घरात होता, आता माहेरचाही एक त्याच्या नादी लागला."

बँड त्यांच्याच शहराच्या मैदानावर येणार असं कळलं, तेव्हा काटकोन तेहेतीस वर्षांचा होता. एरवी कार्यक्रम चालू असताना टोळी मागच्या खोलीत आडवी झालेली असते, कारण शेवटचं गाणं संपलं की लगेच सगळं उतरवायचं असतं. या वेळी फोरमनने चार पास मिळवले होते. मंचाच्या कडेला उभं राहून कार्यक्रम बघायचा. त्यातले दोन या मेव्हण्यांना मिळाले. त्या म्हाताऱ्यांसाठी झोप मोडायला टोळीत फारसं कुणी तयार नव्हतं.

टोळीचा एक नियम होता. स्पीकर टांगायच्या लोखंडी मनोऱ्याचा पाय एकाने बसवायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. तपासणारा खाली वाकून पायाखालचा पोलादी पाटा ठोकून बघे, काचेतल्या बुडबुड्याची लेव्हल लावून बघे, आणि समाधान झालं की पायावर खडूने आपली खूण काढी. भाऊजींची खूण त्रिकोणाची. आपण बसवलेल्या पायावर आपलीच खूण कुणी काढत नसे. आणि काही बिघडलं तर बसवणारा आणि खूण काढणारा, दोघंही बाहेर.

मैदानाचं गवत मरू नये म्हणून त्यावर प्लास्टिकच्या जाड फळ्या अंथरतात. त्यांच्याखाली पाणी मारायच्या नळांचे खड्डे असतात, वर नुसतं पातळ झाकण. त्यावर मनोऱ्याचा पाय आला तर खचणारच. म्हणून मैदानाचा माळी कागदावर लिहून देतो, खड्डा कितव्या फळीखाली आहे ते. फळ्या सगळ्या एका मापाच्या, त्यामुळे मोजपट्टी न काढता फळ्याच मोजायच्या, हे टोळीतल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलं होतं. डाव्या मनोऱ्याचा शेवटचा पाय बसवताना काटकोननेही फळ्या मोजल्या. मोजल्या बरोबर, पण मंचाच्या कडेपासून. माळ्याने मोजल्या होत्या मैदानाच्या कडेपासून. फरक एका फळीचा.

भाऊजी तपासायला आले. "खड्डा कुठंय?"

"पुढच्या फळीखाली. मोजलंय मी."

"फळी उचलून बघायची का?"

"भाऊजी, मोजलंय म्हटलं ना."

फळी उचलायची तर पाय परत वर घ्यावा लागणार, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. भाऊजींनी पाटा ठोकला, लेव्हल लावली. बुडबुडा मधोमध होता. त्यांनी त्रिकोण काढला.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरली, दारं उघडली, चाळीस हजार माणसं आत आली. कार्यक्रमाला थोडा वेळ उरला असताना कुणाला तरी मनोऱ्यावर टांगलेले स्पीकर एका बाजूला झुकलेले दिसले. शेवटचा पाय चार बोटं खचला होता. लोकांना मागे सरकवलं. स्पीकर खाली घेतले, मनोऱ्याला टेकू दिले, पाय उचलून खड्ड्यावर आडवे गर्डर टाकले, स्पीकर परत वर चढवले. सोळा माणसांनी ते एक तास पन्नास मिनिटांत केलं. त्याहून लवकर ते कुणालाच झालं नसतं, हे काटकोन आजही कुणालाही ऐकवेल.

हात पुसायच्या आतच फोरमन समोर उभा राहिला. "खूण कुणाची?"

"माझी," भाऊजी म्हणाले.

"आणि बसवला कुणी?"

काटकोनच्या खिशात पास होता. त्याचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. भाऊजींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं. काटकोनने बुटांकडे पाहिलं.

"अरे, बसवला कुणी?"

"खूण माझी आहे," भाऊजी पुन्हा म्हणाले.

बँड मंचावर यायला निघाला होता, फोरमनला आणखी खोदायला वेळ नव्हता. "मग पास इकडे दे आणि गेटबाहेर हो."

भाऊजी गेटबाहेर गेले. काटकोन मंचाच्या कडेला जाऊन उभा राहिला.

त्यानंतर भाऊजींना मैदानावर कुणी नेलं नाही. त्यांना गोदामात टाकलं. मैदानांवरून परत आलेले, खांब जोडायचे चिखलाने माखलेले क्लॅम्प धुवायचे, आटे साफ करायचे, तेल द्यायचं, पेट्यांत भरायचे. बावीस वर्षं त्यांनी तेच केलं. काटकोन पुढे तपासनीस झाला, मग फोरमन. त्याच्या हाताखालचा एकही पाय कधी खचला नाही.

पाय भाऊजींनीच बसवला असं घरात सगळ्यांनी धरलं, आणि त्या गोष्टीची थट्टा झाली. खुर्ची डुगडुगली की ताई पाहुण्यांना सांगे, "जपून बसा, ह्यांनी बसवलेला पाय आहे." सगळे हसत. भाऊजीही हसल्यासारखे ओठ हलवत. काटकोन हसे, सुरुवातीला कुणाला संशय येऊ नये म्हणून, नंतर सवयीने. दर रविवारी तो चहाला ताईकडे जाई. राजकारण निघे, गुडघे निघत, भाचीची शाळा, मग कॉलेज, मग नोकरी. त्या संध्याकाळचं भाऊजींनी कधी नाव काढलं नाही. कार्यक्रम कसा झाला, एवढंही विचारलं नाही. अशी एकतीस वर्षं गेली.

मग बँडने शेवटचा दौरा जाहीर केला. चौघांतला ड्रमवाला आता नव्हता. भाचीला बापाचं वेड रक्तातूनच आलेलं. ती चाहत्यांच्या मंडळात होती, आणि मंडळ जुन्या कार्यक्रमांच्या आठवणींचं पुस्तक काढत होतं. त्या रविवारी काटकोन ताईकडे पोहोचला तेव्हा भाची जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. ताई कपडे घडी करत होती. भाऊजी खिडकीशी बसून टेबलफॅनची वायर बदलत होते.

"मामा, बरा आलास. आपल्या मैदानाच्या एकशे बारा आठवणी आल्यात आणि त्यातल्या सत्तर नुसत्या त्या उशिराच्या आहेत."

"उशिराच्या?"

"ऐक ना. ही एक नर्स आहे. ड्युटी संपवून थेट आलेली. म्हणते, उभ्या उभ्या एका अनोळखी बाईच्या खांद्यावर डोकं ठेवून तासभर झोपले, तेवढी गाढ झोप पुन्हा लागली नाही. हा बसचा ड्रायव्हर, ह्याने गायकाला प्यालेला बघितलंय म्हणे."

"कुठून बघितलं?" भाऊजींनी विचारलं.

"शेवटच्या रांगेतून."

"डोळे चांगलेत त्याचे."

"आणि बाबा, हे बघा. एक शिक्षक लिहितात, वाट बघून बघून लोक आपणच गायला लागले. वाद्यं नाहीत, काही नाही. एकामागून एक सहा गाणी. म्हणतात, बँड पुढे चांगलाच वाजला, पण माझ्या कानात राहिलंय ते आमचंच गाणं."

काटकोनला ते आठवत होतं. मनोऱ्याखाली गर्डर सरकवताना ते गाणं चारी बाजूंनी अंगावर येत होतं. कुणाकडे मान वर करून बघायला वेळ नव्हता.

"उशीर का झाला, हे कुणालाच माहीत नाही," भाची म्हणाली. "आपल्या घरात माहीत आहे. म्हणून मी लिहिलंय. बाबा, घालू ना?"

"घाल," भाऊजी वायरवरून नजर न काढता म्हणाले. "त्यात काय."

"सगळ्या जगाला कळू दे," ताई म्हणाली. "मी एकटीने किती वर्षं सांगायचं?"

भाचीने लॅपटॉप काटकोनपुढे सरकवला. "मामा, उद्या छापायला जातंय. तू तिथे होतास, तूच तपास. बरोबर असेल तर सांग."

त्याने चष्मा लावला. सात-आठ ओळी होत्या, प्रेमाने लिहिलेल्या. माझ्या वडिलांनी डाव्या मनोऱ्याचा पाय बसवला, तो खचला, आणि म्हणून चाळीस हजार माणसं गायली, असं त्यात होतं. त्याने दोनदा वाचलं. छापून आलं की ते तसंच राहणार होतं. भाऊजींच्या मागे, त्याच्याही मागे.

"चूक आहे," तो म्हणाला.

"स्पेलिंग?"

"नाही. पाय त्यांनी नाही बसवला. मी बसवला."

ताईच्या हातात टॉवेल होता. तो तसाच राहिला. "काय म्हणालास?"

त्याने क्रमाने सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं, त्याने कुठून मोजलं, भाऊजींनी काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, फोरमनने किती वेळा विचारलं. स्वतःला झाकायला एक शब्द घातला नाही. "पास खिशात होता," शेवटी तो म्हणाला. "तो जाईल म्हणून गप्प बसलो. दुसरं कारण नव्हतं."



"तू हसायचास," ताई म्हणाली. "मी बोलायचे आणि तू माझ्याबरोबर हसायचास."

"हो."

ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही? तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू भावाशी बोलणं टाकलं असतंस."

"मग ते आता टाकते," ताई म्हणाली. तिने टॉवेल घडी केला, बाकीच्या कपड्यांवर ठेवला, सगळा गठ्ठा उचलला आणि आतल्या खोलीत गेली.

"भाऊजी," काटकोनने सुरुवात केली.

"थांब." भाऊजींनी पक्कड खाली ठेवली. "पोरी, लिही. पाय मामाने बसवला. मोजणी त्याची चुकली. तपासणी बाबांची होती आणि त्यांनी फळी उचलली नाही. हेही लिही."

"बाबा, पण तुमची त्यात काय…"

"लिही. फळी उचलायची असते. अर्ध्या तासाचा कंटाळा केला आणि ह्याच्या शब्दावर खूण काढली. मला बाहेर काढलं ते बरोबर काढलं. ह्याला ठेवलं ते चूक." मग ते काटकोनकडे बघून बोलले. "गोदामाचं मला काही वाटलं नाही. काम ते काम. पण त्या दिवसानंतर मी कुणाच्या शब्दावर काही केलं नाही. ही लहान असताना तुझी ताई सांगायची, ताप उतरलाय. मी थर्मामीटर परत लावायचो. दाराला कडी घातली म्हणायची, मी उठून बघायचो. तिला वाटायचं स्वभाव चिकित्सक आहे. माझा तसा स्वभाव नव्हता."

काटकोनने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"त्या रात्री मैदानाच्या भिंतीबाहेर नुसता ड्रम ऐकू येत होता," भाऊजी म्हणाले. "ड्रमवरून गाणी ओळखत उभा होतो. तेरा ओळखली. सोळा झाली म्हणतात. उरलेली तीन कोणती?"

भाचीने लॅपटॉप ओढला. "बाबा, यादी आहे इथे…"

"यादी नको. हा होता तिथे. ह्याला विचारतोय."

काटकोनने चष्मा काढला. खोटं सांगणं सोपं होतं, गाणी सगळीच पाठ होती. "माहीत नाही," तो म्हणाला. "परत खचेल या भीतीने पायाला लेव्हल लावून ठेवली होती. अडीच तास त्या बुडबुड्याकडे बघत होतो. मंचाकडे बघितलंच नाही मी."

भाऊजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, पण सुटल्यासारखाही नव्हता. "म्हणजे कुणीच नाही बघितलं," ते म्हणाले आणि वायर हातात घेतली.

भाचीने नव्याने लिहिलेलं काटकोनने शब्द न् शब्द वाचलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं. चहा झाला नाही. तो उठला तेव्हा आतून कुणी आलं नाही.

पुढच्या रविवारी तो गेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी भाऊजींचा फोन आला. "ती बोलणार नाही. तरी ये."

"येऊन काय करू?"

"बसायचं. तिला उशीर होईल, पण तू न आल्याने तो कमी होणार नाही."

काटकोन गेला. ताईने दार उघडलं, त्याला बघितलं, आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेली. दोघं मेव्हणे बाहेरच्या खोलीत दीड तास बसले. मग तो घरी आला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. पुस्तक छापून आलं, बँडचा शेवटचा दौराही होऊन गेला. तो अजून दर रविवारी ठरल्या वेळी जातो. ताई अजून बोललेली नाही.