नाक्यावरचा घोट

"दारू न्हाय हो, दवा हाय!" असं म्हणून गाडीवाले चाचा दातांनी बूच उपटायचे आणि बाटलीतला एक घोट पिऊन दाखवायचे. शिपायाची खात्री पटायची. आमचा एक डोस जायचा.

महाराजांच्या अमदानीतली ही गोष्ट. चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे. गुळाच्या ढेपा घेऊन त्यांची बैलगाडी बेळगावला जायची आणि येताना गल्लीची औषधं आणायची. बेळगाव इंग्रजी मुलखात. परतताना संस्थानच्या हद्दीवर आबकारीचा नाका लागे. चोरून दारू येऊ नये म्हणून तिथला शिपाई प्रत्येक बाटली हुंगायचा, आणि औषधाला उग्र वास असायचाच.

सोबत डॉक्टरची चिठ्ठी असे. पण ती दाखवतील तर ते चाचा कसले! "माझ्या शब्दापुढं कागद कशाला?"

तुम्हीही असा एखादा परोपकारी माणूस पाहिला असेल, ज्याच्या उपकारांनी डोकं उठतं. एकदा त्यांनी कुणाचं तरी जुलाबाचं औषध पिऊन दाखवलं आणि उरलेला रस्ता गाडीपेक्षा झुडपांतच जास्त काढला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, दमा होता. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी असे. ती बघून त्या ओरडायच्या, "गाडीवाल्या, दमा मला हाय का तुला?"

"वैनी, नाक्यावर सोडंना की!"

मी दाराआडून ऐकायची. चाचांशी मी कधी बोलले नव्हते.

चाचा पक्के नमाजी, हे नाक्यावरच्या शिपायालाही ठाऊक. गुत्त्यावरून गाडी नेतानाही तोंड फिरवायचे. एके दिवशी बेळगावच्या कंपाउंडरनं त्यांना हसत सांगितलं, "चाचा, त्यात स्पिरिट असतं. म्हणजे दारूच की." परत आल्यावर आमच्या पायरीवर ते पडेल चेहऱ्यानं बसले. "इतकी वर्सं पीत आलो, वैनी. आता थेंब घेनार न्हाय."

"मग चिठ्ठी दाव की, मेल्या! मी कवाधरनं सांगते!"

"दावतो."

मला बरं वाटलं. एकदाची भरलेली बाटली येणार.

पुढच्याच खेपेची गाडी निघताना आत्याबाईंचा दमा उसळला. गाडी परतेपर्यंत घरातलं औषध संपलं होतं. त्या लोडाला टेकून नुसत्या बसून होत्या. शब्द फुटत नव्हता, ओठ काळेनिळे पडले होते. गाडी वाजली तशी मी धावले. चाचांनी उंबऱ्यावर बाटली ठेवली. वरची खूण रिकामी होती. अस्सा राग आला! आत्याबाईंना डोस पाजला आणि मी दाराआडूनच विचारलं, "आणि चिठ्ठी?"

"दावली की, सूनबाई," चाचा बाहेरून म्हणाले. "शिपाई म्हनला, कागद उद्या सायेब बगतील, तवर बाटली ऱ्हाऊ दे हितंच. म्हनलं, वैनीला उद्या हाय का न्हाय, कुनाला ठावं?" बाहेर रांजणावर तांब्या वाजला. "मग प्यालो."

आत आत्याबाईंचा श्वास हळूहळू मोकळा होत होता.

बाहेर पाण्याचा आवाज येत राहिला. मी दार उघडलं. बैल अजून जुंपलेलेच होते. चाचा चुळांवर चुळा भरत होते. मला पाहून त्यांनी तोंड पुसलं आणि लहान मुलासारखं पुढं केलं.

"पोरी, मशिदीत जायाचं हाय. वास येतोय का गं?"

"नाही येत, चाचा," मी म्हटलं.

वास येत होता.