परदेशीपुऱ्यातली शोधाशोध

मिलच्या गेटला टाळं लागलं तेव्हा गजानन मोघे चाळिशीत होते आणि वीज सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. मिलचे इलेक्ट्रिशियन. काही वर्षं त्यांनी परदेशीपुऱ्यातले पंखे दुरुस्त केले, मग कॉलेजच्या पोरांशेजारी बाकावर गुडघे दुमडून बसून कॉम्प्युटर शिकले आणि घराच्या पुढच्या खोलीत सायबर कॅफे काढला. बघता बघता आसपास असे सात कॅफे झाले. प्रत्येकाकडे वेगळा माल: एकाकडे बोर्डाचे जुने पेपर, दुसऱ्याकडे नोकरीचे अर्ज, तिसऱ्याकडे लग्नपत्रिकांचे नमुने. गजाननरावांनी गच्च्यांवरून तार ओढून सगळे जोडले. गिऱ्हाईक कुठेही येवो, माल जिथे असेल तिथून यावा.

सगळं एकाच मोठ्या मशीनवर ठेवणं सोपं होतं. पण ते कोणाच्या दुकानात ठेवायचं यावर सातांचं एकमत होईपर्यंत मिल पुन्हा सुरू झाली असती. शिवाय लाइट. ती गल्ली बघून जायची. मोठ्या मशीनचीच गेली की सगळे हात चोळत बसणार. म्हणून सगळी मशीनं बरोबरीची, आणि तारेच्या जोडण्यांना जुन्या बॅटऱ्या.

शोधायचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला, अगदी मिलच्या रिवाजाने. तिथे पाना हरवला की मागांच्या खडखडाटात माणूस शेजाऱ्याच्या कानात ओरडायचा, शेजारी पुढच्यांच्या कानात, ते आणखी पुढे. थोड्या वेळाने कोणीतरी येऊन त्यालाच विचारायचं, "काय रे, कोणाचा तरी पाना हरवलाय, तू पाहिलास?"

मशीनंही तेच करू लागली. एका पत्रिकेसाठी सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, विचारलेलंच पुन्हा विचारलं, आणि तार नुसत्या विचारपुशीनेच तुंबली.

सातांतले सगळ्यात मोठे कॅफेवाले प्रतापराव दारात येऊन उभे राहिले. "मोघेजी, गिऱ्हाईक पत्रिका मागतं, अन् ती येईपर्यंत त्याच्या पोराचं बारसं होतं. रविवारपर्यंत सुधरा, नाहीतर मी तार कापतो. बाकीचे पण कापणार, सबने बोल दिया है."

तार कापली की पुन्हा पंखे. पंख्यांशी गजाननरावांचं वैर नव्हतं, पण एकाच जन्मात दुसरं गेट बंद होताना बघायची त्यांची तयारी नव्हती.

"मला इडलीपात्र लागलं तर मी गावभर दवंडी पिटते का?" पत्नी शशिकलाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "सरळ शेजारच्या पूर्णिमाकडे जाते. मागच्या वेळी तिच्याकडेच मिळालं होतं."

"आणि तिच्याकडे नसलं तर?"

"तर कोणाकडे आहे ते ती सांगते. तिला शेजारपाजारची खबर असते हो. तुमच्यासारखं नाही."

गजाननराव चहा अर्धा टाकून उठले. आता प्रत्येक मशीनने लक्षात ठेवायचं, कोणता माल मागे कोणी दिला आणि शेजाऱ्याकडे काय काय आहे. आधी त्यालाच विचारायचं. तिथे नाही मिळालं तरच पुढे. आणि एकदा ऐकलेला प्रश्न दुसऱ्यांदा आला तर कानाआड करायचा.

रविवारी दुपारी सगळे प्रतापरावांच्या कॅफेत जमले, आणि नेमकी पलीकडच्या गल्लीची लाइट गेली. पत्रिकावाला कॅफे तिथलाच.

"आता?" म्हणत प्रतापरावांनी मुद्दाम टाइप केलं: पत्रिका, मोरवाली.

गजाननराव पडद्याजवळ सरकले. मशीनने पत्रिकावाल्याला विचारलं, तिथे अंधार. मग सातांतल्याच एकट्या दत्तोपंतांच्या मशीनला विचारलं, कारण तिथे कोण्या गिऱ्हाइकाने मागवलेल्या पत्रिकेची नक्कल पडून होती. प्रतापरावांचं बोट बटणावरून उचललं जातंय तोवर पडद्यावर मोराने पिसारा पसरला.

प्रतापरावांनी नोकरीचा अर्ज मागितला. आला. गणिताचा पेपर मागितला. आला. मग ते खुर्ची मागे सारून गजाननरावांना म्हणाले, "बसा ना, उभे का? भिया, माझ्या साल्याचं पाटनीपुऱ्यात दुकान आहे. तिथवर तार जाईल का?"

"जाईल की," खुर्चीत ऐसपैस बसत गजाननराव म्हणाले, "पण नंबर लावावा लागेल. दत्तोपंतांचे व्याही आधी बोलून गेलेत."