आधण ठेवलंय मी

आधीच सांगते, ह्या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते... आणि खरं सांगायचं तर हसायला. परवा एका ताईंनी बंद फोनवरून आलेल्या आवाजाबद्दल लिहिलं होतं, त्याखाली "मग बिल कोणी भरलं?" अशी खवचट कॉमेंट टाकणारी ती मीच. सॉरी हो ताई. डोंबिवलीत वाढलेली, सायन्स ग्रॅज्युएट, अमावस्येला खुशाल केस धुणारी बाई आहे मी. भूतबाधा, संकेत, दृष्टांत — कशावर म्हणून काडीचा विश्वास नाही. आजही नाही, असंच मी लोकांना सांगते. फक्त एक गोष्ट सोडून.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजाला, रोल्लामध्ये राहायचो. मिलिंद, माझा नवरा, दुबईला ऑडिटच्या कामात, आणि मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका ट्रेडिंग कंपनीत सेक्रेटरी. म्हणजे टायपिंगपासून ते कस्टम्सच्या माणसाला "हबीबी, प्लीज" करण्यापर्यंत सगळं मीच. कंपनी तंबू, कंदील, शिकारीचं सामान असलं काहीबाही आणायची. आमचे मालक, ज्यांना सगळे अरबाब म्हणायचे, माणूस लाखमोलाचा पण हौस दांडगी. एकदा कुठल्याशा अमेरिकन कॅटलॉगमध्ये त्यांनी झाडावरची खुर्ची पाहिली. तिकडे शिकारी लोक हरणाची वाट बघत झाडावर बसून राहतात म्हणे, त्यासाठीची. लोखंडाचे दोन भाग, एकावर बसायचं, दुसऱ्यावर पाय ठेवायचे, आणि दोन्ही खोडाभोवती पोलादी केबलने आवळलेले. उभं राहून वरचा भाग सरकवायचा, मग बसून पायांनी खालचा ओढून घ्यायचा. असं करत करत वर.

आता आमच्याकडे हरणं कुठली आणि जंगल कुठलं! पण अरबाबांना दिसली ती खजुराची झाडं. "मॅडम, खजूरवाले के लिए फर्स्ट क्लास!" झालं. कंटेनर मागवला, ओळखीच्या शेतवाल्यांना खुर्च्या विकल्या आणि एक शारजाहून आत वाळवंटात, धैद गावातल्या स्वतःच्या शेतावर नेऊन ठेवली.

त्याच सुमाराला अण्णा आले, माझे सासरे. व्हिजिट व्हिसावर, मिलिंदच्या हट्टामुळे. गुहागरला त्यांची माड-पोफळींची बाग. सासूबाई आमच्या लग्नाच्या आधीच गेल्या, मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. त्यांच्यामागे अण्णा त्या बागेत एकटेच. आणि इथे आले तर चौथ्या मजल्यावर, एसीकडे बघत बसलेले. जेवण दोन घास. मिलिंद रोज रात्री मला विचारायचा, "आज काही बोलले का गं?" नाही म्हटलं की दिवा मालवून कुशीवर वळायचा. त्याची आई गेली तेव्हा तो इथे होता, वेळेवर पोचला नव्हता. वडिलांना तरी हसतं बघायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

एकदा अण्णांना ऑफिस दाखवायला नेलं. ती खुर्ची बघून माणूस खो खो हसला. "झाडावर खुर्ची? उद्या विहिरीत पलंग टाकाल मेल्यांनो!" अरबाबांना ह्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण हा म्हातारा झाडातला आहे हे बरोबर कळलं. "यल्ला, बाबा को फार्म पे लेके आओ!"

तेव्हापासून दर गुरुवारी बापलेक धैदला. मिलिंदला गुरुवार-शुक्रवार सुट्टी, मला गुरुवारी हाफ डे. हवा छान होती, खजुराला फुलं यायचे दिवस. तिथे नर झाडाचा फुलोरा माणसाने मादी झाडावर नेऊन बांधायचा असतो, तेव्हा फळ धरतं. अण्णा एकदम खूश. "लग्नं लावून आलो आज," घरी येऊन सांगायचे आणि दोन पोळ्या जास्त खायचे. आधी हसलेले त्या खुर्चीला, पण गुडघे पूर्वीचे राहिले नव्हते, त्यामुळे तीच वापरायचे. तिच्याबरोबरचा कमरेचा पट्टा मात्र नको. "रुततो तो. आणि मी काय आज चढतोय झाडावर?" मिलिंद ओरडायचा, ते ऐकल्यासारखं करायचे.

असाच एक गुरुवार. अरबाब मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला गेलेले, ऑफिसात मी आणि हिशेबवाले थॉमस. मी आवराआवर करत होते आणि फॅक्स आला. अमेरिकेहून, खुर्चीवाल्यांचा. वर मोठ्या अक्षरात — वापर ताबडतोब थांबवा. त्या मालाची केबल जोडाच्या जागी अचानक तुटू शकते, तिकडे माणसं पडली आहेत, विकलेल्या सगळ्या खुर्च्या परत घ्या.

मला दुसरं काही दिसेना. अण्णा ह्या क्षणी झाडावर असणार. पट्टा न लावता.

मोबाइल तेव्हा आमच्याकडे नव्हता. शेतावर एकच फोन, तोही अरबाबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत. किल्ली राखणदार रहीमचाचांकडे. मी नंबर फिरवला. बाहेर दुपारची बांग सुरू झाली होती, आणि मला वाटलं, संपलं, चाचा नमाजाला गेले असणार. रिंग वाजतेय, वाजतेय... रिसीव्हर मी दोन्ही हातांनी धरला होता.

फोन उचलला गेला.

मी श्वास न घेता सुरू केलं, "चाचा, मैं वैशाली! अण्णा को फौरन नीचे उतारो, वो कुर्सी का—"

"अगो, हळू बोल," पलीकडून एक बाई म्हणाली. मराठीत! "घाबरू नको हो. पाय लागले त्यांचे जमिनीला. आधण ठेवलंय मी."

आवाज जरासा बसका, पण इतका शांत की माझाही आवाज आपोआप खाली आला. "आपण कोण?" मी विचारलं. भांड्यावर झाकण ठेवल्यासारखं काहीतरी वाजलं आणि फोन कट झाला.

मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. थॉमस बिचारे पाणी घेऊन धावले. असेल कोणीतरी अरबाबांच्या पाहुण्यांपैकी, एवढाच विचार आला. आणि पुढचं काम समोर होतं — बाकीच्या शेतांना फोन. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तेच करत बसलो. पुढे अरबाबांनी परत आल्यावर गाडी काढून स्वतः एकेक खुर्ची गोळा केली. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा... बघा, देव आलाच तोंडात.

घरी पोचले तर बापलेक माझ्या आधी आलेले. मिलिंदचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, "बांग सुरू झाली, रहीमचाचा मजलिसला कुलूप लावून मशिदीत गेले. अण्णा पार वर होते. अर्धं काम टाकून एकाएकी उतरायला लागले. मी म्हटलं काय झालं, तर म्हणे चहा! खाली उतरून बाजूला झाले, मी खुर्ची काढायला हात घातला, जरासा हिसका दिला... आणि वैशू, केबल तुटून माझ्या हातात आली."

"पण मी फोन केला होता ना," मी म्हटलं. "त्या बाईंनी सांगितलं नाही?"

"कोण बाई?"

"मराठी होत्या. चहा ठेवत होत्या."

"अगं, शेतावर आम्ही तिघंच होतो! आणि चहा कसला? तिथे चहाची भुकटी नव्हती. अण्णा वाटभर चहा-चहा करत आलेत. फोन वाजल्याचंही मी ऐकलं नाही."

अण्णा तोवर सोफ्यावर बसून ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "काय म्हणाली ती? शब्द सांग. आहेत तसे सांग."

मी सांगितलं. पाय लागले त्यांचे जमिनीला. आधण ठेवलंय मी.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. मग बोलले ते मिलिंदलाही ठाऊक नव्हतं. ते माडावर असले की सासूबाई चुलीवर चहाचं पाणी ठेवायच्या नाहीत. कितीही उशीर होवो, कितीही पाहुणे खोळंबोत. माणूस झाडावर असताना चहा मांडणं म्हणजे तो उतरणारच हे गृहीत धरणं, आणि असं गृहीत धरू नये, असं त्यांचं म्हणणं. परसात उभ्या राहून बघायच्या. अण्णांचे पाय मातीला लागले की आत जाऊन हाक द्यायच्या — आधण ठेवलंय मी. आयुष्यभर. दुसऱ्या कोणाला सांगायची ती गोष्टच नव्हती.

"आवाज कसा होता गो?"

"थोडा बसका."

"बसकाच होता." अण्णा रडत होते आणि हसतही होते. "बघ मेलीचं. सगळा जन्म संसार माझ्याशी केलान, आणि बोलली तुझ्याशी!"

मिलिंद त्यांच्या पायाशी खाली बसला आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. मी आत जाऊन चहा ठेवला.

मी सोडणारी नव्हते. पुढच्या आठवड्यात त्या नंबरावर पुन्हा फोन केला, तर रहीमचाचांनीच उचलला. त्या दिवशी किल्ली त्यांच्या खिशात होती, शपथेवर सांगितलं. राँग नंबर म्हणाल तर मी हिंदीत बोलले होते, समोरून मराठी आलं. बिल तपासावं तर तिथे लोकल कॉल फुकट, कसली नोंदच नाही. (हो ताई, तुम्हाला विचारलेला प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता!) भीतीने मला भास झाला म्हणावं, तर मला माहीतच नसलेले शब्द मला भासले कसे?

अण्णा व्हिसा संपल्यावर परत गेले. "मला कोण मेला फोन करणार" म्हणणाऱ्या माणसाने गुहागरला जाऊन पहिलं काय केलं असेल, तर फोनचं कनेक्शन घेतलं. आम्ही दर शुक्रवारी करायचो. पहिल्याच रिंगला उचलायचे, "हॅलो" अगदी हळू, आणि माझा आवाज ऐकला की क्षणभर थांबून, "अगो, तू होय!" त्या क्षणभरात ते कोणाची वाट बघत होते ते मला कळायचं.

काही वर्षांनी एका सकाळी त्यांच्या शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेले, काही त्रास नाही. मिलिंद बॅग भरायला आत गेला. मी रिसीव्हर खाली ठेवला आणि तशीच स्वयंपाकघरात गेले. असं का केलं ते मला आजही सांगता येणार नाही, जसं त्या फोनचंही सांगता येत नाही... पण मी गॅस पेटवला आणि दोन कपांचं आधण ठेवलं.