खिळ्याला अडकवलेली तार

वायर जळाल्याचा वास आला, की मला मंचरच्या कांदा-बटाट्याच्या वखारीतली ती दुपार आठवते. मी तिथे हिशेब लिहायला होतो. ऑफिसातला कॉम्प्युटर आवारापलीकडच्या वजनकाट्याच्या केबिनशी जोडायचा होता. जुन्नरहून आलेला जोडणीवाला मालकांना म्हणाला, "भाऊ, मधी उघडं आवार हाय. फायबर टाका. आत काचेचा धागा असतो, त्यातनं वीज येत न्हाई. तांब्यातनं येती." मालकांनी दोन्ही तारांचे तुकडे हातात घेऊन तोलून पाहिले. "तांबं उद्या भंगारात तरी जाईल. ही काच कोण घेणार, राव?" केबिनमध्ये बसणारा त्यांचा धाकटा भाऊ हसला, आम्हीही हसलो. तांबंच पडलं. मग एका दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं. कांद्याच्या गोण्यांवर ताडपत्री ओढायची आमची धांदल चालली होती. तेवढ्यात अगदी जवळ वीज कडाडली आणि ऑफिसातला कॉम्प्युटर फटकन बंद पडला. केबिनमधून सडक्या कांद्यात मिसळलेला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. धाकटा खुर्चीखाली पडला होता. जीव वाचला, पण उजव्या हाताने त्याला पुन्हा घास उचलता आला नाही. मालकांनी ती तार स्वतः उपटली, गुंडाळली आणि केबिनमधल्या खिळ्याला अडकवली. परवा मंचरला गेलो. मालक आता नाहीत. केबिनमध्ये धाकटा एकटाच बसला होता आणि खिळ्याला तार तशीच होती. मी तिच्याकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला, "दादानं शेवटपर्यंत विकली न्हाई. आता मला बी विकवत न्हाई."