भीतीला रांग लावणारे भाऊजी

मारोतीभाऊजी गाडीचं बॉनेट उघडण्याआधी बायकोच्या गुलाबी रबरी चपला पायात घालत. मग घड्याळ काढत, बोटातली अंगठी काढत. "करंटला नातंगोतं कळत न्हाई, वहिनी!" माझ्या नवऱ्याचे हे चुलतभाऊ म्हणजे भोकर तालुक्यातला पहिल्या नंबरचा भित्रा माणूस. पालीला भीत, ढगांच्या गडगडाटाला भीत, माझ्या सासूबाईंना तर भीतच भीत. अशा माणसानं कुणा म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी गाडी घेतली होती. ती रोज नवं दुखणं काढायची.

पण दुखणं शोधायची त्यांची एक रीत होती. "भ्यायचं, पर रांगेनं भ्यायचं. समद्यांला एकदम भ्यालं की काहीच घावत न्हाई." मी फिदीफिदी हसायची. मी नांदेडची, बी.ए. झालेली. डोक्यात गजरा आणि गजऱ्याखाली नुसती हवा.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळे-कुऱ्हाडी धुतल्या, तशी गाडीही धुतली. वरवर नव्हे. "तिच्या पोटातबी लक्ष्मी हाय," म्हणत बॉनेट उघडायला लावून आत तांब्याभर पाणी ओतलं, वर ओलं हळदीकुंकू. भाऊजींनी तोंड उघडलं आणि सासूबाईंकडे, म्हणजे त्यांच्या काकूंकडे, बघून मिटलं.

दुपारी माझी सुषमा कडब्याच्या गंजीपाशी खेळताना किंचाळली. तांबडा विंचू. लेकरू पाच वर्षांचं. बघता बघता घामानं निथळलं, ओकलं, हातपाय गार पडले. नवरा लातूरला गेलेला. सासूबाई तिला मांडीवर घेऊन गाडीत मागं बसल्या. भाऊजींनी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, पण पेटलं नाही. पुन्हा घरघरलं. पुन्हा नाही.

मग आमच्या बी.ए.नं काय केलं? भर अंगणात नवस बोलायला सुरुवात केली. रेणुकेला साडी, खंडोबाला भंडारा, भवानीला अनवाणी येईन. ज्या देवांची नावं आठवेनात त्यांना मी "तुम्हालाबी काहीतरी" म्हणाले.

"वहिनी, देवांला जरा रांगेत थांबवा," भाऊजी चपला घालत म्हणाले. त्यांचा आवाज माझ्याहून जास्त कापत होता. "पुढं बसा. हार्न दाबा."

दाबला. दाबूनच धरला.

"सोडा की! वाजला न्हवं? मग ब्याटरीला भ्यायचं काम न्हाई. आता ठिणगी बघू."

प्लगची तार काढून त्यांनी ती कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरली आणि इंजिनाच्या लोखंडाजवळ नेली. मी किल्ली फिरवली. काही नाही. मागं सुषमाचं कण्हणं बारीक होत चाललेलं.

"भाऊजी, पोरगी गार पडली हो!"

"मला दिसून राहिलंय, वहिनी. फिरवा किल्ली."

आता त्यांनी करंट तयार करणाऱ्या कॉइलकडून येणारी तार धरली. चट्! निळी ठिणगी उडाली आणि भाऊजी टुणकन मागं उडाले. "हितवर करंट हाय! म्हंजी चोर मधल्या डब्यात." प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा तो काळा डबा. टोपण काढलं, तर आत पाण्याचे थेंब आणि टोपणाच्या तड्यातून उतरलेला लाल ओघळ. कुंकू. भाऊजींनी एकदा त्या ओघळाकडं बघितलं, एकदा काकूंकडं.

"वहिनी, कोरडा पदर द्या."

सणाची नवी साडी. त्यांनी आतून कोपरा न् कोपरा पुसला, टोपण बसवलं. पहिल्या किल्लीला गाडी पेटली. भोकरच्या दवाखान्यापर्यंत मी मागं बसून सुषमाचे तळपाय चोळत होते आणि भाऊजी समोर बघत पुटपुटत होते, "आधी रस्ता. मग दवाखाना. मग डाक्टर."

दुसऱ्या सकाळी सुषमानं गूळशेंगदाणे मागितले, तेव्हा कुठं सासूबाईंना वाचा फुटली. "काय झालतं रे गाडीला?"

"काही न्हाई, काकू. तिलाबी घाम सुटलता."

मरेपर्यंत त्यांनी सासूबाईंना दुसरं काही सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊजी नांदेडच्या दवाखान्यात होते. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. अंगाला नळ्या, डोळे मिटलेले. पोराबाळांची झालेली सुषमा रडत होती. "आई, काका काही बोलतच नाहीत गं." माझे ओठ सवयीनं रेणुकेकडं वळले होते. स्वतःला म्हटलं, बाई, थांब. रांगेनं.

मी त्यांचा हात धरला, कानाशी वाकले. "भाऊजी, हार्न वाजतोय का?"

मग माझं बोट हळूच दाबलं गेलं, आणि मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले,

"पों."