लिंबाजीबाबांच्या कॅसेटबद्दल मी काय लिहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चळवळीच्या मंडळातल्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी वाचायला शिकलो ते त्यांवरच. छापलेलं खोटं नसतं, असं मला फार दिवस वाटायचं. मग मंडळाच्या पाक्षिकात मीच लिहू लागलो.

लिंबाजीबाबा मराठवाड्यातले. उरणजवळ मोऱ्याच्या धक्क्यावर हमाली केली आणि जन्मभर वस्त्यावस्त्यांतून जलशात गायले. सत्तरीनंतर त्यांची पहिली कॅसेट निघाली. वाशीत शेजाऱ्याच्या टेपवर मी ती ऐकली. आवाज जवळजवळ संपलेला. पेटीचा भाता फाटका, त्याचा फुसफुसाटही आत आलेला. एका गाण्यात ते गेलेल्या बायकोला विचारतात, मिठाचा डबा कुठं ठेवलास — आणि पुढची ओळ येतच नाही. नुसता श्वास. ढोलकीवाला हलका ठेका धरून त्यांची वाट बघत राहतो. तेवढा भाग मी पाच वेळा मागे फिरवून ऐकला.

मग कॅसेटवर मंडळाची बैठक झाली. आमचे ज्येष्ठ म्हणाले, "रडगाणी आहेत सगळी. लढा कुठाय यात?" मी मान हलवली. मान हलवायला कितीसा वेळ लागतो? लेखही मीच लिहिला. 'थकलेल्या गळ्याने वस्तीला थकायला शिकवू नये.' वाक्य जमलं होतं. सगळे तसं म्हणाले.

एवढंच असतं तर — कदाचित कधीतरी बोललो असतो.

अंक घेऊन बाबा स्वतःच माझ्याकडे आले. त्यांना वाचता येत नव्हतं. आमच्यात छापून आलेलं मोठ्याने वाचून दाखवायची रीत आहे, आणि लिहिणारा समोर असला तर त्यानंच.

"वाच की लेकरा, काय लिवलंय माज्यावर."

मी अंक डोळ्यांसमोर धरला आणि — छापलेलं सोडून दुसरंच वाचलं. त्या श्वासाबद्दल. मिठाच्या डब्याबद्दल. वाट बघणाऱ्या ढोलकीबद्दल. एकदाही अडखळलो नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. मग अंकाची घडी घालून त्यांनी आतल्या खिशात ठेवली. अंक मला परत मागून घेता आला असता. नाही घेतला.

पुढे कळलं, धक्क्यावर लाँचची वाट बघत बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसांना ते तो अंक द्यायचे — माज्यावर आलंय, जरा मोठ्यानं वाचा. खरं पहिल्यांदा कुणी वाचलं? कितव्या ओळीला थांबलं? मी विचारलं नाही. मोऱ्याला जाणंच सोडलं.

वर्षभराने उरणच्या एसटी स्टँडवर गाठ पडली. मी जयभीम केला. त्यांनी घेतला.

"त्या दिशी वाचलंस, ते छापायचं व्हतं," म्हणाले. राग नव्हता. बस लागली, ते चढले.

त्यानंतर ते गायले नाहीत. आता ते नाहीतही.

माझं ते वाक्य आमच्यात अजून म्हणून दाखवतात. परवाच्या बैठकीतही एकाने म्हटलं, माझ्याकडे बघून. मी मान हलवली.